बियातला भ्रूण: कोणता भाग काय करतो आणि तो नसला तर काय अडतं

प्रश्न थोडक्यात असा: बियातल्या भ्रूणाचे भाग कोणते आणि प्रत्येकाचं काम काय? बीजपत्रही अन्न साठवतं आणि भ्रूणपोषही (काही बियांत भ्रूणाला लागून असणारा अन्नाचा गर), मग एकाला भ्रूणात मोजायचं आणि दुसऱ्याला नाही, असं का? आणि भिजवलेल्या बियातून आधी बाहेर डोकावतं ते मूळ की कोंब?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण तिथे भाषाच आपल्याला चकवते. बियाला 'मोड आले', 'कोंब फुटला' असं आपण म्हणतो, पण पहिल्या-दुसऱ्या दिवशी साल फाडून बाहेर येतं ते बहुतेक वेळा मूळ असतं. कोंब तेव्हा दोन डाळींच्या मध्ये घडी घालून बसलेला असतो. मुगाचा मोड बोटभर लांब झाला की घोळ आणखी वाढतो. त्या पांढऱ्या दांड्याचा बराचसा भाग ना मूळ असतो ना कोंब. तो तिसराच भाग आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

माझी पंचवीसेक वर्षं बियांची उगवणक्षमता तपासण्यात गेली. काम ऐकायला कंटाळवाणं आहे: ओल्या कागदावर 400 बिया, शंभर-शंभराचे चार संच करून मांडायच्या, ठरलेल्या तापमानाला ठेवायच्या आणि ठरलेल्या दिवशी मोजायच्या. पण मोजणं म्हणजे 'उगवलं' आणि 'नाही उगवलं' एवढंच नसतं. प्रत्येक रोप हातात घेऊन त्याचं मूळ, दांडा, शेंडा आणि बीजपत्रं पाहायची आणि हे रोप मातीत तगेल का ते ठरवायचं. जे तगणार नाही ते उगवूनही 'विकृत' म्हणून बाजूला पडतं. भ्रूणाचे भाग मला आकृत्या काढून कधी नीट कळले नाहीत, ते या बाजूला टाकलेल्या रोपांनी शिकवले. उत्तरही त्याच वाटेने देतो.

आधी एक हरभरा घ्या, रात्रभर भिजवा आणि साल काढा. साल सोडून जे उरलं ते सगळंच्या सगळं भ्रूण आहे. हे पुष्कळांना पटत नाही, कारण भ्रूण म्हणजे आत कुठेतरी दडलेला बारीक ठिपका अशी समजूत असते. हरभरा, वाटाणा, घेवडा, शेंगदाणा यांत तसं नाही. दोन जाड अर्धुकं म्हणजे दोन बीजपत्रं, आणि ती जिथे जोडलेली असतात तिथलं चोचीसारखं टोक हा भ्रूणाच्या अक्षाचा दिसणारा भाग. आपण जिला डाळ म्हणतो ते म्हणजे सुटं केलेलं बीजपत्र. धान्याला 'द्विदल' हे नाव ज्याने दिलं त्याने हे आधीच पाहिलेलं होतं. डाळ भिजवली तर फुगते, पण रुजत नाही. भरडताना अक्ष निखळून जातो आणि मागे राहतं ते नुसतं कोठार.

अक्ष हा या सगळ्याचा कणा. बीजपत्रं अक्षाला जिथे जोडलेली असतात ती जागा लक्षात ठेवली की नावं घोकावी लागत नाहीत. त्या जोडाच्या खालचा दांडा म्हणजे हायपोकोटिल आणि त्याच्या टोकाला आदिमूळ. जोडाच्या वरचा दांडा म्हणजे एपिकोटिल आणि त्याच्या टोकाला प्रांकुर, म्हणजे पानांच्या बारीक घड्यांसह शेंडा. जुन्या मराठी लिखाणात या दांड्यांना अधराक्ष आणि अपराक्ष म्हटलेलं सापडतं, बीजपत्राला दलिका आणि भ्रूणपोषाला पुष्क. शब्द नेटके आहेत, पण आता वर्गात हायपोकोटिल-एपिकोटिलच चालतं, म्हणून मीही तेच वापरतो. कोरड्या बियात हायपोकोटिल कुठे संपलं आणि आदिमूळ कुठे सुरू झालं हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. रोप वाढू लागल्यावर मूलरोम, म्हणजे मुळावरचे बारीक केस, जिथून सुरू होतात ती त्यांची सीमा.

आदिमुळाचं टोक नेहमी बीजरंध्राकडे असतं, म्हणजे सालीवरच्या सुईने टोचल्यासारख्या छिद्राकडे. भिजलेला घेवडा चिमटीत दाबला की तिथूनच पाण्याचा थेंब येतो. ही दिशा पहिल्या पेशीविभाजनातच ठरते. फलनानंतर युग्मनज, म्हणजे भ्रूणाची पहिली पेशी, विभागतो तेव्हा होणाऱ्या दोन पेशी सारख्या नसतात. बीजरंध्राकडच्या पेशीपासून मुख्यतः सस्पेन्सर होतो, म्हणजे कोवळ्या भ्रूणाला आत ढकलून धरणारा आणि सुरुवातीला त्याला अन्न पोहोचवणारा तात्पुरता देठ. दुसऱ्या पेशीपासून जवळजवळ सगळा भ्रूण घडतो. देठ ज्या टोकाला जोडलेला, ते मुळाचं टोक. बी पिकेपर्यंत देठ सुकून नाहीसा होतो, दिशा तेवढी उरते. भ्रूण आधी गोळा असतो, मग पत्त्यांतल्या बदामासारखा दिसू लागतो. बदामाचे वरचे दोन उंचवटे म्हणजे होऊ घातलेली बीजपत्रं. एकदलात उंचवटा एकच येतो, म्हणून तिथे बदाम दिसत नाही.

सोयाबीनचा एक नमुना माझ्या डोक्यातून जात नाही. दाणा टपोरा, रंग छान, कुठे डाग नाही. उगवण मात्र निम्म्याच्याही आत. नमुना आणणाऱ्याला वाटलं चाचणीच चुकली, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. मग टेट्राझोलियम चाचणी लावली. जर्मनीतले गेऑर्ग लाकोन यांनी 1940 च्या दशकात ही पद्धत रुळवली. भिजलेलं बी रंगहीन द्रावणात ठेवलं की जिवंत पेशींतली विकरं, म्हणजे एन्झाइम, त्या द्रावणातून लाल रंग तयार करतात. मेलेला भाग पांढराच राहतो, मार लागलेला भाग भडक गडद होतो. त्या बियांची बीजपत्रं सगळी एकसारखी गुलाबी झाली होती. पांढरं होतं ते आदिमूळ आणि त्याला लागून हायपोकोटिलचा थोडासा भाग. सोयाबीनचा अक्ष बीजपत्रांच्या कडेला, पातळ सालीच्या लगेच खाली असतो. दाणा फार सुकलेला आणि मळणीयंत्राचा वेग जास्त असला की पहिला मार तिथेच बसतो. वजनाने पाहिलं तर ते बी जवळजवळ पूर्ण जिवंत होतं.

आता आदिमुळाकडे. ते सर्वांत आधी बाहेर का येतं? रोपाची पहिली गरज पाण्याची असते, हे उत्तर बरोबर आहे पण अर्धवट. बी भिजताना जे पाणी शिरतं ते सालीतून आणि बीजरंध्रातून शिरतं, त्यात मुळाचं काही काम नसतं. मक्याला उगवायला स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी पुरतं, सोयाबीनला सुमारे 50 टक्के लागतं. आदिमुळाचं पहिलं बाहेर येणं म्हणजेही पेशी विभागून नव्या पेशी होणं नव्हे. आधीच असलेल्या पेशी पाणी घेऊन लांबतात आणि टोक पुढे सरकतं. विभाजन मागाहून सुरू होतं. टोमॅटोसारख्या बियात आदिमुळाच्या तोंडासमोर भ्रूणपोषाची टोपी असते. ती विकरांनी मऊ झाल्याशिवाय टोकाला वाट मिळत नाही.

टोकावर मूलटोपी असते. ती मातीत घासून झिजते आणि आतून भरून येते. तिच्या मधल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते ज्या बाजूला खाली बसतात ती बाजू 'खाली', असं मुळाला कळतं. म्हणून बी उलटं पडलं तरी मूळ वळून खालीच जातं. मूलटोपीच्या मागे विभाजी ऊती असते, म्हणजे नव्या पेशी करत राहणारा भाग, आणि हरभऱ्यासारख्या द्विदलांत पुढची बहुतेक मुळं तिथून सुरू होणाऱ्या मुळावरच येतात.

ज्यांना बियांशी खरोखर काम पडतं त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पिकलेला भ्रूण वाळणं सोसतो, पण आदिमूळ फुटून बाहेर आलं की काही वेळातच ही ताकद संपते. बी भिजवून पुन्हा वाळवून पेरण्याची जी पद्धत आहे ती सगळी या एका रेषेवर उभी आहे. आदिमूळ फुटायच्या आत वाळवलं तर बी नंतर भराभर आणि एकसारखं उगवतं, फुटल्यावर वाळवलं तर मेलं. काही झाडांच्या भ्रूणांना ही ताकद मुळातच नसते. आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी वाळवून साठवता येत नाही ती त्यामुळेच.

आदिमुळाचं टोक तुटलं तर? इथे सगळ्या झाडांना एकच नियम लावता येत नाही. घेवडा, वाटाणा, भोपळा, मका यांच्यात बाजूची मुळं सावरून घेतात, म्हणून तपासणीत पहिलं मूळ खराब असलं तरी दुसरी मुळं भक्कम असतील तर रोप पास होतं. गाजरात मात्र पहिलं मूळच सर्वस्व. कोवळेपणी त्याचं टोक दुखावलं की गाजर दुतोंडी होतं. गाजर रोपं करून लावू नये, बी थेट जागेवर पेरावं असं सांगतात त्याचं कारण हे.

'आधी मूळ' याला अपवाद विचाराल तर पाण्याखाली बुडालेला भात. ऑक्सिजन नसला की भाताचं बी मूळ रोखून धरतं आणि आधी कोंबाची नळी वर पाठवतं. ती हवेपर्यंत पोहोचली की मग मुळं फुटतात.

आता तो तिसरा भाग, हायपोकोटिल. पुस्तकात याला एका ओळीत उरकतात, आणि माझ्या मते हा सगळ्यात जास्त अन्याय झालेला भाग आहे. मुगाच्या मोडाचा पांढरा दांडा तो हाच. मूग, उडीद, घेवडा, सोयाबीन, भोपळा, सूर्यफूल, एरंड, चिंच यांच्यात तोच लांबतो आणि बीजपत्रांना मातीबाहेर काढतो. पण सरळ वर ढकलत नाही. वरच्या टोकाला आकड्यासारखा वाकतो आणि तो वाक मातीतून पुढे सरकतो. बीजपत्रं आणि त्यांच्या मधला नाजूक शेंडा मागून, पाठ मातीकडे करून ओढले जातात. शेंडाच पुढे असता तर ढेकळांत सोलवटून निघाला असता. हा वाक इथिलीन वायूच्या जोरावर टिकतो. माती जितकी घट्ट तितकं रोप जास्त इथिलीन करतं आणि दांडा आखूड पण जाड होतो. उजेड लागला की वाक उलगडतो. म्हणून अंधारात ठेवलेल्या रोपाची मान खालीच राहते.

भोपळ्याच्या कुळात याहून गंमत आहे. हायपोकोटिलच्या खालच्या बाजूला एक खुंटीसारखा उंचवटा तयार होतो. तो सालीच्या एका कडेला अडकवून रोप साल मातीतच दाबून धरतं आणि बीजपत्रं तिच्यातून उपसून काढतं. बी उभं पेरलं आणि खुंटी नीट अडकली नाही की साल डोक्यावर टोपीसारखी घेऊनच रोप वर येतं. ही टोपी घालून आलेली रोपं तुम्ही पाहिलेली असणार.

पाऊस पडून गेल्यावर जमिनीवर पापडी धरली की सोयाबीन आणि घेवड्याचं नुकसान याच दांड्यात होतं. वाक पापडीखाली अडकतो, खालून ढकलणं थांबत नाही आणि मान मोडते. खोल पेरणीतही हेच: दांड्याची लांबी आणि साठ्यातलं अन्न दोन्ही संपतं. खारफुटीतल्या कांदळात हा भाग तर झाडावरच वाढतो. फळाला लटकलेली जी हिरवी, फूटभर किंवा त्याहूनही लांब शेंगेसारखी वस्तू दिसते ती शेंग नव्हेच, तो आईच्या अंगावर रुजलेल्या भ्रूणाचा हायपोकोटिल. आणि मुळ्याचा फुगीर भागही, वरून मोजलं तर, बराचसा हायपोकोटिलच असतो. नावात मूळ असूनही.

हरभरा, वाटाणा, तूर आणि आंबा यांनी दुसरा मार्ग धरलेला आहे. त्यांच्यात हायपोकोटिल जवळजवळ वाढत नाही. वाढतो तो वरचा दांडा, एपिकोटिल. त्यामुळे बीजपत्रं मातीतच राहतात आणि नुसता शेंडा वर येतो. फरक दिसायला छोटा, पण परिणाम मोठा. बीजपत्रांच्या काखेत राखीव डोळे असतात. हरभऱ्याचा किंवा वाटाण्याचा वर आलेला शेंडा थंडीने जळला किंवा कुणी कुरतडला तरी मातीखालचे डोळे शाबूत असतात आणि रोप पुन्हा फुटतं. सोयाबीनचे हेच डोळे मातीच्या वर आलेले असतात. किड्याने बीजपत्रांच्या वर तोडलं तर रोप पुन्हा फुटू शकतं, खाली तोडलं तर संपलं, कारण हायपोकोटिलवर डोळे नसतात. शेतात रोप वाचेल का हे सांगायला मी आधी तुटण्याची जागा विचारतो.

प्रांकुर हा दिसायला सर्वांत क्षुल्लक. हरभऱ्यात तो बीजपत्रांच्या मध्ये असतो, नखाने ती अलगद उघडल्याशिवाय दिसतही नाही. शेंगदाणा उघडा: एका टोकाला जे इवलं 'नाक' असतं त्याला भिंगातून पाहा, पुढच्या पानांच्या पर्णिका घडी घालून तयार दिसतात. मक्याच्या भ्रूणात पाच-सहा पानांचे आरंभ तयार असतात. म्हणजे बी पेरताना आपण एक संपूर्ण छोटं झाड पेरतो, झाड 'होणार असलेली' वस्तू नव्हे. पानांच्या मध्ये प्ररोहाची, म्हणजे कोंबाची, विभाजी ऊती असते. पुढचं खोड, फांद्या, फुलं, सगळं तिचं देणं.

मळणीत हा शेंडा तुटला तर घेवड्याचं एक विचित्र रोप वर येतं. दांडा ठणठणीत, मूळ छान, दोन जाड हिरवी बीजपत्रं, आणि मध्ये काहीच नाही. दुरून निरोगी वाटतं. नवा माणूस कामावर आला की मी त्याला अशा रोपांचा एक संच मोजायला देत असे. पहिल्या वेळी जवळजवळ सगळे ती 'चांगली' म्हणून मोजत. काखेतल्या डोळ्यांतून अशा रोपाला बारीक फुटवे येऊ शकतात, पण बाकीची रोपं तोवर कितीतरी पुढे गेलेली असतात.

बीजपत्रांबद्दल 'अन्न साठवतात' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याने फार कमी सांगितलं जातं. बीजपत्र हे भ्रूणाचं पहिलं पान आहे आणि त्याला तीन वेगवेगळी कामं पडू शकतात: अन्न साठवणं, दुसरीकडचं अन्न शोषून अक्षाला देणं आणि उजेडात हिरवं होऊन स्वतः अन्न तयार करणं. कुठल्या झाडाने कोणतं काम किती उचललंय यावर त्याचा आकार ठरतो. हरभऱ्यात आणि वाटाण्यात नुसता साठा, म्हणून जाड, गोल आणि पानासारखं काहीच नाही. भोपळ्यात साठाही आहे आणि नंतर ते मोठं हिरवं पान होऊन बरेच दिवस काम करतं. एरंडात तर साठा जवळपास शून्य. बी मधोमध चिरा: पांढऱ्या तेलकट गराच्या मध्ये कागदासारखी पातळ, शिरा उमटलेली दोन बीजपत्रं दिसतात. गर भ्रूणपोषाचा. बीजपत्रं त्याला चिकटून तेल-प्रथिनं शोषून घेतात, ते संपलं की हिरवी होतात.

म्हणजे भ्रूणपोष वेगळा का, याचं उत्तर कामात नाही, जन्मात आहे. सपुष्प वनस्पतींत परागनलिकेतून दोन पुंयुग्मक, म्हणजे नर पेशी, येतात. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन युग्मनज होतो, त्याचा भ्रूण. दुसऱ्याचा संयोग मधल्या पेशीतल्या दोन केंद्रकांशी होतो आणि त्याचा भ्रूणपोष होतो. हे दुहेरी फलन रशियन शास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये दाखवलं. भ्रूणपोष हा भ्रूणाचा अवयव नव्हे, फार तर त्याचं जुळं भावंड म्हणा, जे स्वतः कधी झाड होत नाही आणि दुसऱ्याला वाढवण्यात संपून जातं. हरभऱ्यात, वाटाण्यात ते भावंड बी पिकायच्या आतच संपतं आणि सगळं अन्न बीजपत्रांत जमा होतं. गव्हात, एरंडात, नारळात ते शेवटपर्यंत टिकतं. नारळाचं पाणी आणि खोबरं, दोन्ही भ्रूणपोष. भ्रूण असतो तीन डोळ्यांपैकी मऊ डोळ्याखाली, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. नारळ रुजला की त्याचं बीजपत्र आत वाढत जातं आणि पोकळीत स्पंजासारखा गोळा तयार होतो. तो खोबरं हळूहळू शोषून बाहेरच्या कोंबाला देत राहतो, कित्येक महिने.

तपासणीत बीजपत्रांसाठी नियम सोपा आहे: एकूण निम्मा किंवा त्याहून जास्त भाग काम करणारा असेल तर रोप चांगलं, निम्म्याहून जास्त भाग गेलेला असेल तर विकृत. एक बीजपत्र पूर्ण नाही पण दुसरं धडधाकट, अशी रोपं चालतात. पण खराबी अक्षाच्या जोडापाशी किंवा शेंड्याजवळ असेल तर टक्केवारी न पाहता ते रोप बाद करायचं, कारण तिथून अन्नाची वाट जाते. माझ्या मते या एका नियमात भ्रूणाची सगळी उतरंड आलेली आहे.

गवतकुळातले दाणे, म्हणजे गहू, भात, मका, ज्वारी, यांना वेगळं बसून पाहावं लागतं. इथे भ्रूण खरोखरच लहान असतो आणि दाण्याच्या एका कडेला तिरका बसतो. गव्हात तो दाण्याच्या वजनाच्या साधारण 3 टक्के, मक्यात 10 ते 12 टक्के. मक्यातलं बहुतेक तेल त्याच लहान भागात असतं. सडलेल्या पांढऱ्या तांदळाच्या एका टोकाला जी तिरकी खाच दिसते तिथे भ्रूण होता. तो गेला, म्हणून तांदूळ पेरला तर उगवत नाही.

इथलं एकमेव बीजपत्र म्हणजे स्क्युटेलम, भ्रूण आणि भ्रूणपोष यांच्या मध्ये ढालीसारखं चपटं बसलेलं. ते कधी मातीबाहेर येत नाही, हिरवं होत नाही. त्याचं काम शोषण्याचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे निरोप देण्याचं. दाणा भिजला की भ्रूणातून जिबरेलिन हे संप्रेरक भ्रूणपोषाकडे जातं. भ्रूणपोषाच्या बाहेरच्या अल्यूरोन थराला ते मिळालं की तो थर अमायलेझसारखी विकरं सोडतो, स्टार्चची साखर होते आणि स्क्युटेलम ती शोषून अक्षाला देतं. भ्रूण कापून टाकलेला बार्लीचा अर्धा दाणा भिजवला तर त्यातलं स्टार्च तसंच राहतं. त्यावर जिबरेलिन घातलं की विरघळू लागतं. 1960 च्या सुमारास जपानमध्ये योमो आणि ऑस्ट्रेलियात पॅलेग यांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. कोठार कितीही भरलेलं असो, कुलूप उघडायचा हुकूम 3 टक्क्यांकडून येतो.

अक्षाची दोन्ही टोकं इथे म्यानात असतात. आदिमुळावरचं म्यान कोलिओरायझा; ते आधी थोडं बाहेर येतं आणि मूळ ते फोडून पुढे जातं, मग त्याचं काम संपलं. प्रांकुरावरचं म्यान कोलिओप्टाइल. हे म्यान टोकदार, भरीव टोकाचं असतं आणि माती चिरत सरळ वर जातं, म्हणून गवतांना आकड्याची गरज पडत नाही. उजेडात आल्यावर त्याची वाढ थांबते आणि पहिलं पान ते फोडून बाहेर पडतं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याच म्यानावर केले. टोकावर टोपी घातली तर रोप उजेडाकडे वळत नाही, खालचा भाग झाकला तर वळतं. म्हणजे पाहतं टोक, वळतो खालचा भाग. ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाचा शोध पुढे याच धाग्यावरून लागला.

पेरणीची खोली ठरवताना कोलिओप्टाइलची लांबी निर्णायक ठरते. गव्हाच्या बुटक्या वाणांत उंची कमी करणाऱ्या नेहमीच्या जनुकांमुळे कोलिओप्टाइलही आखूड होतं. असं बी खोल पडलं की म्यान मातीतच संपतं, पान म्यानाशिवाय मातीतच उलगडतं आणि चुण्या पडून तिथेच अडकतं. मक्याला एक जास्तीची सोय आहे: स्क्युटेलमचा जोड आणि कोलिओप्टाइलचा तळ यांच्या मधला तुकडा, मेसोकोटिल, लांबून सगळा शेंडा वर उचलतो.

कांदा एकदलच, पण त्याची तऱ्हा वेगळी. त्याचं बीजपत्र नळीसारखं असतं. एक टोक बियात अडकून भ्रूणपोष शोषत राहतं आणि मधला भाग गुडघ्यासारखा दुमडून आधी वर येतो. हा गुडघा ज्या रोपात पडत नाही त्यावर मी जरा जास्त वेळ थांबतो.

सगळ्या बियांत हे सगळे भाग तयार असतातच असं नाही. पाइनमध्ये बीजपत्रं दोन नव्हे, पाच, आठ, दहा अशी वर्तुळात येतात आणि तिथला अन्नसाठा दुहेरी फलनातून झालेला नसतो. गाजर, कोथिंबीर यांच्या कुळात बी झाडावरून गळतं तेव्हा भ्रूण फारच लहान असतो. तो आतल्या आत वाढून मोठा होतो आणि मगच आदिमूळ बाहेर येतं. उगवायला लागणाऱ्या उशिराचं हे एक कारण. ऑर्किडची बी म्हणजे धूळच. तिच्यात भ्रूणपोष नाही, आणि बहुतेकांत बीजपत्र, आदिमूळ असं काही वेगळं झालेलंच नसतं, नुसता पेशींचा गोळा. योग्य बुरशी मिळाली तरच तो वाढतो. 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय ऑर्किड उगवून दाखवली. बुरशी नेमकं काय पुरवत होती, याचा मोठा भाग त्यातून उलगडला.

हे सगळं वाचण्यापेक्षा एकदा करून पाहा. हरभऱ्याचे पन्नासेक दाणे रात्रभर भिजवा, साल काढा आणि पाच वाटे करा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात प्रत्येक दाण्याचं एक बीजपत्र काढा, अक्ष दुसऱ्याला चिकटलेला राहू द्या. तिसऱ्यात दोन्ही बीजपत्रं काढून नुसता अक्ष ठेवा. चौथ्यात आदिमुळाचं टोक धारदार पात्याने कापा. पाचव्यात अक्ष काढून नुसती बीजपत्रं ठेवा. ओल्या टिपकागदावर मांडा, पाणी साचू देऊ नका, रोज कागद पाहा. दुसऱ्या वाट्यातली रोपं येतील, फक्त किरकोळ. चौथ्यात काही दिवसांनी बाजूची मुळं दिसतील. तिसऱ्यातला नुसता अक्ष तुम्हाला चकित करेल: तो थोडा लांबतो, स्वतःच्या अंगातल्या तुटपुंज्या साठ्यावर हिरवाही होऊ पाहतो आणि मग थांबतो. पाचव्या वाट्यातली बीजपत्रं टपोरी फुगतील आणि बहुधा सगळ्यांच्या आधी त्यांनाच बुरशी लागेल, तेव्हा तो वाटा वेगळ्या भांड्यात ठेवा.